घोडेगावच्या बाजारी झालेली

यात औषधांची नावं नाहीत, हे आधीच सांगून टाकते. ती मला आजही धड उच्चारता येत नाहीत, आणि ज्याला हवीत त्याला डॉक्टर सांगतीलच. मी लिहिते आहे ते अशा कुणासाठी, जो परदेशी उपचाराच्या व्हिसासाठी फाइल काखोटीला मारून रांगेत उभा आहे, अंगात त्राण नाही, आणि समोरचा माणूस विचारतो आहे की तुम्ही नक्की कधी जन्मलात.

मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर पाथर्डीच्या बाजूचं, ऊसतोडीचं. वडील आता नाहीत. आई आहे, धाकटा भाऊ दत्तू आहे, त्याची बायको मंगल आहे. माझा नवरा सुनील हायस्कुलात इंग्रजी शिकवतो. आम्हाला मूल नाही. शाळेतली आहेत तेवढी पुरेत असं मी म्हणते आणि तो मान डोलावतो.

निळे डाग

माझा आजार पहिल्यांदा ओळखला तिसरीतल्या एका मुलीनं. माझ्या दंडावरचे निळे-जांभळे डाग बघून तिनं भर वर्गात विचारलं, "बाई, सरांनी मारलं का?" मला हसू आलं. घरी सुनीलला सांगितलं तर तो हसला नाही. "लोक मलाच धरतील," म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी मला मोटारसायकलवर घालून शेवगावच्या लॅबमध्ये घेऊन गेला.

लॅबवाल्यानं तीनदा रक्त काढलं. दोनदा म्हणाला, मशीनचं काहीतरी बिनसलंय. तिसऱ्यांदा मशीनला काही बोलला नाही. "मॅडम, नगरला जा. आजच जा." नगरहून आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि सांगायला घेतलं. हाडांच्या आतला मगज रक्त तयार करतो, आणि माझ्या मगजानं ते काम थांबवत आणलं होतं. "कारखाना बंद पडत चाललाय असं समजा," त्या म्हणाल्या. ऊसतोड्याच्या लेकीला बंद कारखाना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

खरं सांगते, त्या वेळी मरणाचा विचार मनात आलाच नाही. आईला कोण सांगणार, एवढंच वाटत राहिलं.

गोळ्या-इंजेक्शनांनी भागेना, दुसऱ्याचा मगज माझ्यात घालायचं ठरलं. दत्तूचं रक्त तपासलं, तर त्याचा मगज माझ्याशी तंतोतंत जुळला. पण माझ्या आजाराची जात आडमुठी निघाली. नेहमीच्या पद्धतीनं केलं तर टिकण्याची खात्री नाही, असं डॉक्टरबाईंचं मत पडलं. त्यांच्या ओळखीच्या एका जर्मन रुग्णालयात यावर नव्या उपचाराचा अभ्यास चालू होता. माझे कागद गेले, उत्तर आलं: घेतो. उपचाराचा खर्च त्यांच्याकडून, मुक्काम सहा महिने, आणि भावाला बरोबर आणायचं. त्याच्या पेशी ताज्या लागणार होत्या, कदाचित दोनदा. दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो, त्यानंतर ती पुढच्या रुग्णाला जाईल.

म्हणजे दिवाळीच्या आत दोन व्हिसा हवे होते. माझा एकटीचा मिळून काही उपयोग नव्हता.

सहा महिने

आईला सांगायला आम्ही दोघं गेलो. साधी सर्दीही मला झेपणार नव्हती, म्हणून मी तोंडाला मास्क लावून पडवीत लांब बसले. सुनीलनं सगळं सांगितलं. जर्मनी, विमान, सगळं. आईनं तांदूळ निवडता निवडता ऐकलं.

"किती दिस?"

"सहा महिने," मी म्हटलं.

"सहाच ना? मंग काय. आमी न्हाई का जात हुतो सहा सहा महिने? जातं मानूस. येतं मानूस." आणि लगेच, "भाकरी भेटती का तितं?"

मला वाटलं होतं ती रडेल. तिनं तर मला बांधाबांध शिकवायला घेतली. पेटीत सगळ्यात खाली काय, वर काय, मीठ-मिरची कशात. दसरा झाला की तिचं बिऱ्हाड गाडीत चढायचं ते थेट उन्हाळ्यात उतरायचं. दीर्घ मुदतीचा मुक्काम कशाला म्हणतात हे आमच्या घरात तिच्याएवढं कुणालाच कळत नव्हतं.

मागे राहणं मात्र मला कळत होतं. मला शाळेत घातल्यापासून आई-वडील मला मावशीकडे ठेवून जात. दत्तू लहान म्हणून त्यांच्याबरोबर जाई. माझ्या अंथरुणात आईच्या जुन्या लुगड्याची वाकळ असे. मावशी ती धुवायला मागायची आणि मी देत नसे, कारण धुतली की आईचा वास जाणार. शेवटी शेवटी त्या वाकळीला फक्त माझाच वास येई, तरी मी नाक खुपसून झोपायची. बाई होऊन इतकी वर्षं झाली, पण ते सहा महिने अजून माझ्या अंगातून गेलेले नाहीत.

अर्धा कोयता

आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. दत्तू जर्मनीला गेला की मंगलचा कोयता अर्धा राहणार होता, आणि मुकादमाला अर्धा कोयता चालत नाही.

मंगल माझ्यासमोर काही बोलली नाही. पण एकदा मी त्यांच्या दारात मास्क नीट करत उभी असताना तिचा आवाज आतून ऐकू आला. "तुमच्या हाडातून काढनार म्हंत्यात. काय इपरीत झालं मंजी? मी कुनाच्या तोंडाकडं बघू?" दत्तू म्हणाला, "आगं, परत भरून येतं म्हनं ते." ती म्हणाली, "ऊस बी परत येतो. मानूस येतं का?"

मी तशीच मागे फिरले. तिचा राग आला, आणि ती चूक नाही हेही कळत होतं. मी तिच्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते.

निकाल आईनं लावला. तिला तोड सोडून सहा वर्षं झाली होती, गुडघे दुखायचे. एके सकाळी तिनं माळ्यावरून आपला कोयता काढला आणि दगडावर पाणी टाकून घासायला बसली. मंगलनं विचारलं, "आत्या, हे काय?"

"मी येते तुज्यासंगं. मोळ्या मी बांधीन."

"तुमच्यानं व्हायचं न्हाई."

"न्हाई झालं तर बसून बांधीन. त्याला जाऊ दे."

संध्याकाळी मंगलनं मला फोन केला. "ताई, त्यांना तितं थंडी लई बाधंल. सवेटर घ्या."

सात महिने

फॉर्म भरले, फोटो काढले, बोटांचे ठसे दिले. दत्तूचा पासपोर्ट आला तेव्हा त्यानं तो सगळ्या गल्लीत फिरवला. मग मुंबईच्या वकिलातीतून पत्र आलं. माझ्याबद्दल हरकत नव्हती. प्रश्न दत्तूबद्दल होता: हा तुमचा सख्खा भाऊ असल्याचं कागदपत्रांवरून पटत नाही.

सुनीलनं आम्हा बहीण-भावाचे जन्मतारखेचे कागद शेजारी ठेवले. माझी जन्मतारीख एक जून. दत्तू कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपडीत जन्मला आणि तिथल्या ग्रामपंचायतीत त्याची रीतसर नोंद झाली, पुढल्या जानेवारीतली. दोघांत अंतर सात महिने.

आईला सांगितलं तेव्हा ती भडकलीच. "सात म्हैन्यात दुसरं? मी काय शेळी हाय का?"

त्या दिवशी हसलो ते एवढंच. कारण चूक कुठली ते मला बघताक्षणी कळलं होतं. आमच्या भागात ज्या पोराची तारीख आईबापाला सांगता येत नाही त्याची तारीख गुरुजी एक जून घालतात. शाळा जूनमध्ये भरते, वयाचा हिशेब बरोबर बसतो, काम संपतं. मला गुरुजींनी उशिरा दाखल करून घेतलं, म्हणून वय कमी बसवून एक जून घातली. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरून नोकरी, त्यावरून पासपोर्ट.

आणि आता लाज बाजूला ठेवून सांगते. तेच मीही करत आले आहे. तोडीवरून आलेली बाई पोराला पुढं ढकलते, मी विचारते जन्मतारीख, ती डोकं खाजवते, आणि मी म्हणते, "घालू का एक जून?" तिला सुटल्यासारखं वाटतं. मलाही वाटतं. आमच्या शाळेच्या रजिस्टरात अशी पानंच्या पानं आहेत, माझ्या वळणदार अक्षरात. माझं अक्षर चांगलं आहे याचा मला फार अभिमान होता.

दिवाळीला पाच आठवडे उरले होते.

बाजार

"मग मी कधी झाले?" मी आईला विचारलं.

"कदी ते मला काय म्हाईत. कुटं ते इचार. घोडेगावच्या बाजारी झालीस तू."

हे मी लहानपणापासून ऐकत होते. रागावली की ती म्हणायची, बाजारातून आणली तुला. मी ते चिडवणंच समजत आले. कधी पुढं विचारलंच नाही. शिकलेली लेक, आईच्या सांगण्याला कागद समजायची अक्कल नव्हती.

आता विचारलं तर ती म्हणाली, कळा सुरू झाल्या त्या बाजाराच्या कडेला, गाडीत, आणि तिथून तिला मिशनच्या सिस्टरांच्या दवाखान्यात नेलं होतं. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया होत्या. एकीनं लिहून घेतलं होतं.

सुनीलनं जीप ठरवली. मी मागं काच बंद करून बसले, आई पुढं. घोडेगावला गुरांच्या बाजाराची गर्दी होती. आईनं आधी बाजारात गाडी थांबवायला लावली. जिथं आता मोबाईलचं दुकान आहे तिथं बोट करून म्हणाली, "इतं गाडी सोडली हुती." मग डावीकडे, मग चर्चच्या मागं, न विचारता. इतक्या वर्षांनी तिला वाट पाठ होती. मला त्या वेळी तिच्याजवळ जाऊन बसावंसं फार वाटलं, पण कुणाच्या तेवढ्या जवळ जायची मला मनाई होती.

दवाखाना आता औषधं देण्यापुरता उरला होता. एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी आमचं ऐकून घेतलं, कपाटातून जुनी रजिस्टरं काढली आणि आईला विचारलं, "हंगाम कोणता?"

"दसरा झाल्ता. जाताना."

त्यांनी कार्तिकाच्या आसपासची पानं उलटली. माझ्या वडिलांचं नाव निघालं. गाव बरोबर. 'मुलगी. आईला बाजाराच्या दिवशी बैलगाडीतून आणले. बाळ लहान, रडणं चांगलं.' खाली दुसऱ्या शाईत एक ओळ होती, ती सिस्टरांनी मोठ्यानं वाचली: 'आई तिसऱ्या दिवशी गाडीबरोबर गेली. राहण्यास सांगितले. राहिली नाही.'

आईनं पदर तोंडाला लावला. "ऱ्हाऊन कसं चालंल? गाड्या निगून गेल्या आसत्या." जणू सिस्टर आजही तिला रागावत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला छातीशी बांधून न्हेलं गं. टाकून न्हाई गेले." मी मास्कच्या आत रडले. ते फार गैरसोयीचं असतं.

मी कागदापेक्षा दीड वर्षानं मोठी निघाले.

माझं पत्र

नोंदीची नक्कल मिळाली, आईचं शपथपत्र झालं. तरी पासपोर्टवर एक जूनच होती, आणि ती बदलत बसायला वेळ नव्हता. मी ठरवलं, खरं तेच लिहायचं. मराठीत लिहिलं, सुनीलनं इंग्रजी केलं. सगळ्यात अवघड वाक्य असं होतं: 'ही चूक आमच्या भागात शिक्षक करतात, आणि मी स्वतः शिक्षिका असून ती करते.' सुनील म्हणाला, नोकरीला बाधा येईल, गाळूया. मी म्हटलं, दत्तू नाही आला तर नोकरीचं काय लोणचं घालायचं आहे?

मुख्याध्यापकांकडून रजिस्टरातल्या एका पानाची सही-शिक्क्याची प्रत घेतली, मुलांची नावं झाकून. एक जून, एक जून, एक जून, खालपर्यंत.

मुंबईत खिडकीमागच्या बाई मराठी जाणत होत्या. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं. "हे अक्षर कुणाचं?" "माझं," मी म्हटलं. त्यांनी दत्तूला विचारलं, "ही कोण तुमची?"

दत्तूला घरी सगळं पढवलं होतं. तो तिथं विसरला. "थोरली हाय," म्हणाला. "लहानपनी मी आयीसंगं जायचो आन् ही मागं ऱ्हायची. गाडी निगाली का ही वडाच्या झाडापर्यंत पळत यायची. आता हिला एकली कशी लावून द्यावी?"

मला हे ठाऊक नव्हतं. तो गाडीतून बघत असायचा, हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी दोन्ही पासपोर्ट परत आले. दोन्हींवर शिक्के होते. दत्तूनं दोन्हींची पूजा केली, मी हसले नाही.

काच

निघायच्या दिवशी आई नव्हती. ती आणि मंगल चार दिवस आधीच ट्रॅक्टरवर बसून कारखान्याकडे गेल्या होत्या. जाताना आईनं आपल्या एका लुगड्याचा चौकोन फाडून मला दिला.

जर्मनीच्या त्या रुग्णालयात मला काचेमागच्या खोलीत एकटीला ठेवलं, तिथं तो आत नेता आला नाही. त्या खोलीत माझं स्वतःचं म्हणावं असं काहीच चालत नसे. मी इतकी रडले की एका नर्सनं तो तुकडा पारदर्शक पिशवीत सीलबंद केला आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला चिकटवला. वास नव्हता, पण हिरवा काठ दिसत होता. त्या नर्सला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

गोळी द्यायची असो की रक्त, तिथं दर वेळी विचारत: नाव? जन्मतारीख? हातातला पट्टा वाचून खात्री करत. मी दिवसातून दहा वेळा एक जून म्हणायची. तोंडानं एक जून, आणि मनात घोडेगावचा बाजार. तापात एकदा तोंडून तेच गेलं, आणि नर्स बिचाऱ्या घाबरून डॉक्टरांना बोलवायला पळाल्या.

दत्तूच्या पेशी काढल्या त्या दिवशी तो काचेपलीकडून हातवारे करत होता. फोनवर म्हणाला, "पयलाच हंगाम, आक्का, घाम न्हाई गाळावा लागला." दुसऱ्यांदा काढाव्या लागल्या तेव्हा त्याला इतका विनोद सुचला नाही. रोज एका वेळेला तो मंगलला व्हिडिओ फोन लावी आणि पडदा काचेला टेकवून मला दाखवी. मागं कोप्या, धूर, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वाढ्यांचा ढीग. आई फोनमध्ये तोंड घालून विचारायची, "रगत आलं का?" आणि उत्तर ऐकायच्या आत रेंज जायची. तिचे हात मी तेवढ्यात बघून घ्यायची. उसाच्या पाचटानं चिरलेले असायचे. माझ्यापायी, हा एकच शब्द मनात यायचा.

मला काय काय आठवायचं म्हणून सांगू? बाजरीची भाकरी तर होतीच. पण त्याहून जास्त शाळेची प्रार्थना, मागच्या बेंचवरच्यांनी एक शब्द मागे राहून म्हटलेली. आणि पाथर्डीच्या एसटीतल्या बायकांचं भांडण. तिथं सगळं इतकं शांत होतं की कुणी भांडावं म्हणून जीव कासावीस व्हायचा.

फेब्रुवारी सरता सरता माझ्या हाडांनी काम सुरू केलं. आता ते रक्त दत्तूचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दत्तू म्हणाला, "मंजी आता लई बोलनार न्हाई ही." ती आशा फोल ठरली.

जून

आम्ही परतलो तेव्हा कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, पंधरा दिवस झाले होते. आई आमच्या आधी घरी पोचली होती. मी पडवीत लांब बसले, ती उंबऱ्यात. जवळ यायला अजून मनाई होती. ती नुसती बघत राहिली. "वाळलीस," म्हणाली. मी म्हटलं, "तूपण."

आणखी वर्षभर मी घरीच होते. मग यंदा शाळा उघडली आणि मी मास्क लावून माझ्या खुर्चीवर बसले. पहिल्याच आठवड्यात एक बाई आली, तोडीवरची, उन्हानं करपलेली, हाताला धरून एक पोर.

"जन्मतारीख?"

"न्हाई सांगता यायची, बाई. लिवा की एक जून."

मी पेन खाली ठेवलं. "झाली कुठं, ते सांग."

ती बावरली. मग बसली. म्हणाली, शिरूरच्या पुढं, टायरगाडीत, लई थंडी हुती, संक्रातीचं वाण दिऊन आल्यावर तिसऱ्या दिशी. मुकादमाच्या बायकोनं नाळ कापली. पानी तापवाया पाचट जाळलं. सांगत गेली, थांबेना. पोरगी आईचं तोंड बघत राहिली होती. तिनं हे कधी ऐकलेलंच नव्हतं. संक्रांतीवरून तारीख काढायला मला दोन मिनिटं लागली. रजिस्टरात तिच्या वरच्या ओळींत एक जूनच होती.

त्या दोघी गेल्यावर मी व्हरांड्यात जाऊन आईला फोन लावला.

"आये, मी झाले ते परत सांग ना."

"आगं, कितींदा? शाळा न्हाई का तुला?"

"बाजारापासून सांग."

तिनं घसा खाकरला, आणि सुरू झाली.

"बाजार भरला हुता. आपला एक बैल लंगडत हुता, म्हून तुजा बाप दुसरा बघाया गेल्ता. मी गाडीत एकली. आन् तू म्हनलीस, आता थांबायची न्हाई मी..."